पंपाला जागा हवी: जुन्या गाडीत इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवताना

इलेक्ट्रिक फ्युएल पंप विकत घेणं सोपं आहे. तो गाडीत नेमका कुठे बसवायचा हे ठरवण्यात मात्र माझे कित्येक रविवार गेले, आणि ते अगदी सार्थकी लागले. भारीतला पंप चुकीच्या जागी लावला तर गाडी भर रस्त्यात बसते. साधासा पंप योग्य जागी बसला तर त्याच्याकडे वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. ही खात्री मला गाडीखाली पाठीवर पडून, टॉर्च तोंडात धरून मोजमापं घेताना आली.

माझी गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडरची सलून. इंजिन पुढे, टाकी मागे डिक्कीच्या खाली, आणि इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला मूळचा मेकॅनिकल पंप. कॅमशाफ्टवरचा एक्सेंट्रिक पंपाची दांडी दाबतो, दांडी डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचीक पडदा, हलवते आणि टाकीतलं पेट्रोल पुढे खेचलं जातं. रचना साधी आणि टिकाऊ. थंड हवेत त्यानं कधी त्रास दिला नाही. पण भर उन्हाळ्यात तासभर चालवून दहा-पंधरा मिनिटं थांबलं, की गाडी पुन्हा सुरू व्हायला तयार नसे. झालीच तर चढावर गचके देत बंद पडे. अर्ध्या तासानं आपोआप सगळं ठीक.

अशा वेळी लगेच पंपाला दोष देऊ नये. गरम झाल्यावर दगा देणारे इग्निशनचे भाग, कॉइल आणि कंडेन्सर, हुबेहूब अशीच लक्षणं दाखवतात, म्हणून गाडी बंद पडल्यावर आधी ठिणगी तपासली. ती व्यवस्थित होती. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढताच येत नाही. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर समजावं. माझं झाकण नीट श्वास घेत होतं. मग निदानापुरता एक पारदर्शक फिल्टर पंपाच्या आधीच्या होजमध्ये जोडला, गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणली आणि इंजिन बंद करून बॉनेटखाली बघत उभा राहिलो.

पहिली दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग फिल्टरच्या वरच्या कडेला एक छोटा बुडबुडा आला, त्यामागे दुसरा, आणि बघता बघता आतली पेट्रोलची रेषा खाली सरकू लागली. थोड्या वेळानं फिल्टरमध्ये तळाशी पेट्रोल आणि वर नुसती वाफ. इंजिन बंद झालं की पंखाही थांबतो आणि पाणीही फिरायचं थांबतं, पण इंजिनाचा ब्लॉक आणि त्याला जोडलेल्या मॅनिफोल्डच्या नळ्या यांच्यातली धग तशीच असते. त्यामुळे बॉनेटखालचं तापमान गाडी थांबल्यावर आणखी चढतं. पंप त्या ब्लॉकलाच बोल्टनं आवळलेला. त्याच्या पोटातलं पेट्रोल उकळणार नाही तर काय होईल? आणि डायफ्रामला वाफ ढकलता येत नाही. ती नुसती दबते आणि फुगते.

इथे थोडं विज्ञान सांगायलाच हवं, कारण जागेचा सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे. उन्हाळी पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊ पाहणाऱ्या पेट्रोलचा दाब, ३७.८ अंश सेल्सियसला साधारण ६० किलोपास्कल असतो. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१. म्हणजे द्रव द्रवच राहावा यासाठी आपल्या हाती अवघे चाळीसेक किलोपास्कल उरतात. तापमान ५०-६० अंशांच्या घरात गेलं की तेही संपतात. आता पंप पुढे असेल तर तो टाकीपासून इंजिनापर्यंतच्या लांबलचक नळीतून पेट्रोल ओढतो. ओढायचं म्हणजे नळीतला दाब वातावरणाच्या खाली न्यायचा. आधीच काठावर असलेलं पेट्रोल मग आणखी कमी तापमानाला उकळतं. पंप मागे असेल तर तीच नळी दाबाखाली येते आणि उत्कलनबिंदू काही अंशांनी वर जातो. कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) गाडीत हा दाब फार नसतो, तीन पीएसआय (चौरस इंचावर पौंड) म्हणजे जेमतेम २० किलोपास्कल. पण उणे बाजूकडून अधिक बाजूकडे येण्यातच सगळा फरक आहे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात त्यानं बाष्पदाब वाढतो, त्यामुळे ही गाडी बनली तेव्हा जे चालून जात होतं ते आता चालत नाही. मेकॅनिकल पंप इंजिनापासून हलवता येत नाही, म्हणून इलेक्ट्रिक. पंपानं ढकलावं, ओढू नये. पुढचे सगळे निर्णय मी याच एका वाक्यावर घासून घेतले.

पहिली जागा सगळ्यांना सुचते तीच: बॉनेटखाली, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर. तार जवळ, हात पोचतो, चिखल-पाणी नाही. मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीत कारखान्यातूनच एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप फायरवॉलवर बसून येत असे, त्यामुळे या जागेला परंपराही आहे. पण तो पंप मुळात ओढण्यासाठी बनवलेला होता. आजचे छोटे सॉलिड-स्टेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारे, पंप कोरडे असताना साधारण एक ते दोन फूट उंच पेट्रोल ओढतात, त्यापलीकडे त्यांची ताकद संपते. इन्फ्रारेड थर्मामीटरनं मी तापलेल्या गाडीची फायरवॉल मोजली तर आकडा सत्तरच्या वर. मेकॅनिकल पंपाची जी अडचण होती ती तशीच राहणार, फक्त पंप बदलणार. ही जागा सोडून दिली.

दुसरी जागा डिक्की. कोरडी, स्वच्छ, टाकीच्या अगदी शेजारी. बरेच जण पंप तिथे लावतात, आणि याबद्दल मला जरा जोरात बोलायचं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी साचते. हवेत तिचं प्रमाण जेमतेम दीड टक्का झालं की ती पेट घेऊ शकते. अनेक जुन्या गाड्यांत डिक्की आणि मागची सीट यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या एका पडद्याशिवाय काहीच नसतं. तिथे एखादी क्लिप थोडी सैल झाली तर गळती बाहेरून दिसत नाही. ती आत, माणसांच्या पाठीमागे साचत राहते. शिवाय जुन्या पद्धतीच्या पंपात पॉइंट, म्हणजे विजेचे उघडझाप करणारे संपर्क, असतात आणि प्रत्येक टिक्‌ला तिथे बारीकशी ठिणगी पडते. रेसिंगच्या गाड्यांत पंप आत असतो तेव्हा धातूची बंद भिंत आणि बाहेर हवा काढणारी नळी असते. ते सगळं करायची तयारी नसेल तर डिक्कीचा विचार करू नये. आणि माझ्या गाडीत डिक्कीचा तळ टाकीच्या वर येतो, म्हणजे तिथेही पंपाला ओढावंच लागलं असतं.

टाकीच्या आतच पंप बुडवायचा हा तिसरा पर्याय, आणि तत्त्व म्हणून सर्वांत उत्तम. १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या सुरुवातीच्या गाड्यांत पंप असाच टाकीत बुडवलेला होता; आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत तसाच असतो. पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं आणि ओढायचा प्रश्नच राहत नाही. पण त्यासाठी जुनी टाकी कापून तिच्यावर वेल्डिंग करावं लागतं. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. मूळ टाकी शाबूत असताना तिला हात लावायची माझी इच्छा नव्हती.

उरली गाडीची खालची बाजू, टाकीच्या पुढे. इथे मला एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा दाखला उपयोगी पडला. १९६२ साली आलेल्या या गाडीत एसयूचा पंप मागच्या चाकाजवळ, खालून बसवलेला होता. पेट्रोलच्या दृष्टीनं जागा बरोबर, पण चाकानं उडवलेलं पाणी आणि चिखल थेट पंपावर. नंतरच्या गाड्यांत पंपाचं विजेचं टोक डिक्कीत आणि पेट्रोलचं टोक बाहेर अशी मांडणी केली गेली. म्हणजे ‘मागे आणि खाली’ एवढं पुरेसं नाही. मागे, खाली, चाकाच्या फवाऱ्यातून बाहेर, सायलेन्सरपासून लांब, एक्सल वर आला तरी लागणार नाही अशी, आणि रस्त्याच्या कडेला थांबून हात घालता येईल अशी जागा हवी.

गाडी स्टँडवर चढवली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. माझ्या गाडीचा एक्झॉस्ट उजव्या बाजूनं मागे जातो, त्यामुळे उजवी बाजू पहिल्याच नजरेत बाद. डाव्या बाजूला चेसिसचा लांब मेंबर (तुळई) आहे आणि टाकीच्या थोडं पुढे त्याला आडवा मेंबर येऊन मिळतो. त्या दोघांच्या कोनाड्यात, खालच्या कडेच्या वर, हाताच्या पंजाएवढी मोकळी जागा. खालून दगड लागणार नाही, कारण आडवा मेंबर आधी येतो. चाकाचा फवारा लागणार नाही, कारण मध्ये चेसिसचा मेंबर आहे. मागून कुणी धडकलं तर पंप टाकीच्या मागे नाही, पुढे आहे. तरीही खात्री हवी म्हणून एक्सल जॅकनं वर उचलून स्प्रिंग पूर्ण दाबून पाहिली. पंपाच्या आकाराचा लाकडी ठोकळा तारेनं तिथे बांधला आणि काही दिवस गाडी तशीच चालवली. ठोकळ्यावर हँडब्रेकच्या केबलचा ओरखडा नाही, दगडाची खूण नाही, चिखलही नावापुरता. तापमान मोजलं तर लांबच्या फेरीनंतरही चाळीसच्या आत.

उंचीचा हिशोब डोळ्यांनी करू नये. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी मी टाकीपासून ठोकळ्यापर्यंत धरली. पंपाचं तोंड टाकीच्या तळापेक्षा इंच-दीड इंच खाली येत होतं. म्हणजे टाकीत शेवटचे दोन लिटर असले तरी पेट्रोल आपल्या वजनानं पंपाकडे येणार. पण याची दुसरी बाजूही आहे. पंप टाकीच्या खाली असेल आणि होज फुटला, तर सायफननं अख्खी टाकी रस्त्यावर रिकामी होऊ शकते. म्हणून टाकी आणि पंप यांच्यामध्ये पितळी कॉक टाकला. पंप बदलायचा झाला किंवा गाडी महिनाभर उभी ठेवायची झाली तर तो बंद करता येतो.

पंप निवडताना दाब महत्त्वाचा, प्रवाह त्यानंतर. माझ्या कार्ब्युरेटरला अडीच ते साडेतीन पीएसआय पुरतात. सात पीएसआयचा पंप लावला तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरावीक पातळीला थांबवणारा फ्लोटचा निडल व्हॉल्व्ह दाबाखाली तग धरत नाही आणि पेट्रोल वाहून मॅनिफोल्डवर येतं. प्रवाहाची भीती बऱ्याचदा उगाच असते. ५५ किलोवॅट, म्हणजे सुमारे पंचाहत्तर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चाललं तरी किलोवॅट-तासाला साधारण ३०० ग्रॅम धरून तासाला १६-१७ किलो, म्हणजे बावीसेक लिटर पेट्रोल लागतं. लहानात लहान सॉलिड-स्टेट पंपही याच्या कितीतरी पट देतो. रोटरी पंप जास्त ताकदीचे, पण आवाज मोठा आणि ते ओढण्यात कच्चे. त्यांना तर टाकीच्या खालीच बसवावं लागतं. मी छोटा चौकोनी सॉलिड-स्टेट पंप घेतला. विकत घेताना एक गोष्ट नीट बघावी: काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं, आणि उलट पोलॅरिटी या पंपांना चालत नाही. माझ्या गाडीचं ऋण टोक बॉडीला आहे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

हा पंप आडवा लावायचा नाही. बाहेर जाणारं तोंड वर ठेवून साधारण ४५ अंशांत तिरका लावायचा, म्हणजे आत आलेली वाफ वर चढून स्वतःहून पुढे निघून जाते. तीन मिलिमीटरच्या पत्र्याचा कोन वाकवून ब्रॅकेट केला आणि चेसिसवर आधीपासून असलेल्या भोकालाच आवळला. नवीन भोक पाडलं नाही. पंप आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये रबरी बुश. हे बुश नसतील तर पंपाची टकटक चेसिसमधून सीटपर्यंत येते. पण रबर आलं की पंपाचा बॉडीशी विजेचा संबंध तुटतो, आणि तिथे अनेक जण अडकतात: तार आली, फ्यूज शाबूत, पंप मात्र मुका. पंपाची वेगळी अर्थ-तार चेसिसवर आणली. त्या जागेचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. मल्टीमीटरवर पंपाच्या टोकाशी बॅटरीइतकाच व्होल्टेज दिसेपर्यंत ते काम संपलं असं मानलं नाही.

पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर आणि पंपाच्या नंतर बारीक, हा क्रम पाळावा. बारीक फिल्टर आधी लावला तर तोच नळी आवळून धरतो आणि आपण ज्या वाफेपासून पळतोय ती तिथेच तयार होते. रबरी होज इथेनॉल सोसणारा हवा. मी एसएई जे३० आर९ (इंधनाच्या होजचं एक मानक) अशी छाप असलेलाच घेतला आणि रबर लागेल तिथे लागेल तितकंच वापरलं. बाकी सगळी धातूची नळी. मूळ लोखंडी नळी आतून गंजलेली निघाली, म्हणून आठ मिलिमीटरची तांबे-निकेलची नवी ओढली, फूटभराच्या अंतरानं क्लिपा लावून, डाव्या बाजूनं. भोकं पाडलेल्या पट्टीच्या स्वस्त क्लिपा रबर कापतात. दुमडलेल्या गुळगुळीत कडांच्या क्लिपा थोड्या महाग, पण त्यांच्याशिवाय मी पेट्रोलचा जोड करणार नाही.

मेकॅनिकल पंप काढून ब्लॉकवर पॅकिंगसह बंद पट्टी लावली. जुना पंप शोभेसाठी जागेवर ठेवून पेट्रोल त्याच्यातूनच पुढे न्यावं, असं मला सुचवलं गेलं होतं. दिसायला मूळ रूप राहतं हे खरं. पण त्या पंपाचा डायफ्राम फाटला तर मागचा इलेक्ट्रिक पंप सगळं पेट्रोल ऑइल चेंबरमध्ये ओतत राहील. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातील, आणि क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ भरेल ती वेगळीच. मूळ रूपाबद्दल मला आदर आहे. जुना पंप तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवला आहे.

विजेच्या बाबतीत मी कुठेही काटकसर केली नाही. मेकॅनिकल पंपाचा एक मोठा गुण म्हणजे इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला ते कळत नाही. अपघातात इंजिन बंद पडलं, नळी तुटली आणि इग्निशन चालूच राहिलं, तर तो इमानानं पेट्रोल ओतत राहतो. म्हणून फ्यूज, रिले (विजेनं चालू-बंद होणारा स्विच) आणि इनर्शिया स्विच तिन्ही लावले. इनर्शिया स्विचमध्ये चुंबकानं धरलेली पोलादी गोळी असते. धक्का बसला की ती सुटते आणि सर्किट तोडते. तो फायरवॉलच्या मजबूत भागावर, अगदी उभा बसवला, आणि वरचं बटण चालकाच्या हाताला येईल असं ठेवलं. रिले असा घेतला की तो कॉइलचे स्पंद मोजतो: किल्ली फिरवली की दोन-तीन सेकंद पंप चालून थांबतो, इंजिन फिरू लागलं की पुन्हा चालू. ऑइल प्रेशरच्या स्विचवरूनही हे करता येतं, पण मग स्टार्टर फिरताना पंपाला वेगळी वाट द्यावी लागते.

चाचणी उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून. कार्ब्युरेटरकडची नळी धातूच्या डब्यात सोडली आणि मिनिटभर मोजलं: लिटरभराहून बरंच जास्त. मग टी-जोड घालून गेज लावला, काटा तीनच्या किंचित वर स्थिरावला. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवला आणि तासाभरानं बघितला. पेट्रोल लगेच उडून जातं, पण टिश्यूवर डाग आणि वास राहतो.

तापलेल्या गाडीची परीक्षा त्याच उन्हात, त्याच चढावर घेतली. थांबून, दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली. मागून टकटक ऐकू आली, आधी जलद, मग फ्लोट भरत गेला तशी संथ, आणि इंजिन लागलं. चढावर गचका नाही.

एक कोपरा अजून बाकी आहे. फायरवॉलपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा शेवटचा होज मॅनिफोल्डच्या वरून जातो आणि थांबल्यावर तोही तापतो. सध्या त्यावर चकाकती उष्णतारोधक नळी चढवली आहे. पुढचं काम रिटर्न लाइनचं: कार्ब्युरेटरच्या आधी टी-जोड, त्यात एक बारीक छिद्राचा जेट, आणि तिथून टाकीकडे परत जाणारी नळी, म्हणजे गरम पेट्रोल आणि वाफ एका जागी साचणार नाही. त्या नळीसाठीही डाव्या बाजूच्याच क्लिपांमध्ये जागा सोडून ठेवली आहे. टाकीत ती कुठून आत न्यायची ते ठरायचं आहे. टाकीतल्या पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या गेज-युनिटची प्लेट काढून तिच्यावरच नळीचं टोक बसवावं, टाकीला हात लावू नये, असा सध्या विचार आहे.